१३ ते १७ वयाच्या मुलांसाठी क्रूझ: बडोद्याहून निघण्याआधी जहाज कसं निवडावं

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की बडोद्यातल्या मराठी घरांतून एकच तक्रार ऐकू येते. "जहाज सुंदर होतं, आम्हाला आवडलं, पण मुलं दोन दिवस रमली आणि मग केबिनमध्ये मोबाईल घेऊन पडून राहिली." खर्च मात्र सगळ्यांत जास्त त्या मुलांसाठीच केलेला असतो.

जहाज वाईट असतं असं नाही. निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी स्वस्त तारीख, मग एजंटाने सुचवलेलं जहाज, मग बाल्कनीची केबिन, आणि पैसे भरून झाल्यावर मुलांना बातमी. खरं तर सुरुवात मुलापासून करायची: त्याचं वय, उंची, पोट आणि सोबत. त्यावरून तारीख ठरते, तारखेवरून जहाज आणि सगळ्यांत शेवटी केबिन. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. एकही टप्पा पुढे-मागे करू नका.

टप्पा १: मुलाची माहिती कागदावर लिहा

"क्रूझला जायचं का?" या प्रश्नाला प्रत्येक मुलगा हो म्हणतो. त्या होकारावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी त्याचा रोजचा दिवस बघा. क्लासहून आल्यावर तो खाली क्रिकेट खेळायला पळतो, की दोन मित्रांशी गप्पा मारत कमाटीबागेच्या फाटकाशी उभा राहतो, की खोलीत गेम खेळत बसतो? पहिल्याला खेळाची साधनं भरपूर असलेलं जहाज लागतं. दुसऱ्याला त्याच्या वयाची मुलं लागतात. तिसऱ्यालाही खरं तर मुलंच लागतात, पण तो आपण होऊन ओळख करून घेणार नाही. त्याच्यासाठी जहाजावर टीन क्लब, म्हणजे या वयाच्या मुलांसाठी राखलेली खोली, आणि तो चालवणारा माणूस दोन्ही हवेत.

मग प्रत्येक मुलासाठी या गोष्टी लिहा:

- जहाज सुटण्याच्या दिवशी त्याचं वय किती असेल, वर्षं आणि महिने.
- चपला काढून मोजलेली उंची, सेंटीमीटरमध्ये.
- पोहता येतं का.
- सापुताऱ्याच्या किंवा पावागडच्या माचीच्या वळणांवर गाडीत उलटी होते का.
- रात्री किती वाजता झोपतो आणि किती वाजता भूक लागते.

उंची लिहायला सांगतो त्याला कारण आहे. रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवर फ्लोरायडर नावाचा कृत्रिम लाटेवरचा खेळ असतो. त्यात फळीवर पालथं झोपून घसरायला साधारण १३२ सेंमी आणि उभं राहून सर्फिंग करायला साधारण १४७ सेंमी उंची लागते. तेराव्या वर्षी काही मुलं १६० सेंमीची असतात, काही १४० ची. ज्या खेळाच्या व्हिडिओवरून मुलाने जहाज पसंत केलं तोच खेळ त्याला नाकारला गेला, तर पुढचे चार दिवस तो त्याच रुसव्यात काढतो.

*तपासा:* दोन भाऊ किंवा मामेभाऊ-आतेभाऊ बरोबर येणार असतील तर दोघांची माहिती एकाच कागदावर शेजारीशेजारी लिहा. पुढच्या टप्प्यात ती एकत्र लागेल.

टप्पा २: वयाची रेघ आधी शोधा

सगळ्यांत जास्त घरं या टप्प्यावर चुकतात.

क्रूझ कंपन्या मुलांचे गट वयाने पाडतात आणि वय जहाज सुटण्याच्या दिवसाचं धरतात. रॉयल कॅरिबियनमध्ये ३ ते ११ हा लहान मुलांचा विभाग आहे आणि १२ ते १७ टीन्सचा. एमएससी आणि कार्निव्हलमध्ये १२ ते १४ आणि १५ ते १७ असे दोन वेगळे क्लब असतात. नॉर्वेजियनचा टीन क्लब १३ ते १७ चा. डिस्नीत ११ ते १४ चा एक आणि १४ ते १७ चा दुसरा, म्हणजे १४ वर्षांचा मुलगा दोन्हीकडे बसतो. तुमच्या फेरीसाठी हे आकडे कंपनीकडून पुन्हा विचारून घ्याच.

कागदावर हा फरक छोटा दिसतो, जहाजावर तो भिंतीसारखा उभा राहतो. आमच्या पहिल्या क्रूझला माझा मुलगा १४ चा होता आणि भाचा ११ वर्षं १० महिन्यांचा. दोघं एका ताटात जेवणारे. टीन क्लबच्या दाराशी भाच्याला थांबवलं आणि सहा-सात वर्षांच्या मुलांच्या खोलीकडे बोट दाखवलं. तो तिकडे गेला नाही आणि त्याला टाकून माझा मुलगा आत गेला नाही. तीन संध्याकाळी दोघं लिफ्टसमोरच्या सोफ्यावर बसून होते. दोन महिन्यांनंतरची फेरी घेतली असती तर ही वेळ आली नसती. आम्ही विचारलंच नव्हतं.

वरच्या टोकाची रेघ आणखी कडक असते. १८ पूर्ण झालेल्या मुलाला टीन क्लबात प्रवेश नाही. बारावीची परीक्षा संपली म्हणून मुलाला बक्षीस द्यायचं ठरवणाऱ्या घरांनी त्याची जन्मतारीख आधी बघावी. मार्चमध्ये १७ चा असलेला मुलगा मे महिन्यात १८ चा होतो. मग त्याचा धाकटा भाऊ क्लबात जातो आणि तो आई-बाबांच्या टेबलावर बसून राहतो. अशा मुलासाठी क्लब विसरा आणि खेळ, रात्रीचे शो, उशिरापर्यंत मिळणारं खाणं यांवर जहाज निवडा.

*सावधान:* काही कंपन्या १८ च्या आतल्या कुणालाच घेत नाहीत. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग त्यांत मोडतात. चित्रं बघून भुलू नका. नद्यांवरच्या क्रूझही या वयाच्या मुलांसाठी टाळा. तिथे खेळायला जागा नसते आणि प्रवासी बहुतेक निवृत्त असतात.

टप्पा ३: तारीख ठरवताना फक्त आपली सुट्टी बघू नका

जहाजावर टीन क्लब आहे एवढ्यावर मुलगा रमत नाही. त्यात दहा-पंधरा मुलं असली तर रमतो. ती मुलं कधी असतील हे त्या बंदराच्या आसपासच्या शाळा ठरवतात.

सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी जून महिन्यात आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत असते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकेक आठवडा मिळतो. आपल्याकडे मे महिन्यात सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतातली कुटुंबं खूप असतात, त्यामुळे मेमध्येही सोबत मिळते. दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच, विशेषतः दिवाळीनंतरच्या आठवड्यात, कारण गुजरातेतली घरं तेव्हाच बाहेर पडतात. उलट फेब्रुवारीतली किंवा ऑगस्टमधली स्वस्त फेरी स्वस्त असते ती शाळा चालू असतात म्हणूनच. क्लबचं दार उघडं असतं आणि आत कुणी नसतं. दर माणशी आठ-दहा हजार वाचवून अशी फेरी घेण्यापेक्षा एक रात्र कमी करा, पण गर्दीच्या सुट्टीतली फेरी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

शनिवार-रविवारला जोडून असलेल्या दोन रात्रींच्या फेऱ्यांवर मित्रांचे घोळके आणि ऑफिसच्या सहली जास्त असतात. या वयाच्या मुलाची ओळख व्हायलाच एक दिवस जातो, दुसऱ्या दिवशी सामान बांधायची वेळ. म्हणून कमीत कमी ३ रात्री, शक्यतो ४. पहिल्याच वेळी ७ रात्री घेऊ नका.

अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर पावसाळ्याने समुद्र खवळलेला असतो. मुंबईहून जायचं असेल तर ऑक्टोबर ते मेचा विचार करा. सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या फेऱ्या जमिनीच्या आडोशाने जातात, त्यामुळे पाणी सहसा शांत असतं. ज्या मुलाला माचीच्या वळणांवर उलटी होते त्याच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे.

*तपासा:* दहावी-बारावीच्या मुलाच्या प्रवेश परीक्षेच्या तारखा बघितल्या का? परीक्षेच्या आठ दिवस आधी आणि नंतर काही ठेवू नका.

टप्पा ४: बंदर निवडा

बडोद्याच्या घरांपुढे साधारण तीन वाटा असतात.

मुंबई सगळ्यांत जवळ, गाडीने सुमारे ३९० किलोमीटर. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतं. देशातल्या देशात असल्याने पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही, जेवण आपलं, भाषा आपली. जहाज १९९० सालचं आणि तुलनेने लहान, सुमारे ४८ हजार टनांचं. पोहण्याचा तलाव, चढायची भिंत, नाट्यगृह आहे. ज्या मुलाने समुद्र कधी बघितलाच नाही, आजी-आजोबाही बरोबर आहेत आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, त्या घराने इथून सुरुवात करावी. यूट्यूबवर मोठ्या जहाजांचे व्हिडिओ बघून बसलेल्या १६ वर्षांच्या मुलाला इथे नेताना मात्र तो नक्की काय बघणार आहे ते आधी सांगा. लक्षद्वीपला उतरायला परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या.

सिंगापूर ही या वयासाठी माझी पहिली पसंती. अहमदाबादहून सिंगापूरला थेट विमान आहे आणि एक्स्प्रेसवेने बडोद्याहून अहमदाबाद विमानतळ दोन-अडीच तासांवर. रॉयल कॅरिबियन आपली क्वांटम वर्गातली जहाजं हंगामानुसार इथे ठेवते: अँथम, ओव्हेशन, स्पेक्ट्रम यांपैकी एखादं. गेंटिंग ड्रीमही इथूनच सुटतं. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या, दोरांवरची चाल आणि झिपलाइन आहे, आणि भारतीय शाकाहारी जेवणाची सोय चांगली आहे. डिस्ने अ‍ॅडव्हेंचर हे मोठं जहाजही सिंगापूरहूनच.

दुबईहून एमएससीची जहाजं हिवाळ्याच्या हंगामात आठवड्याच्या फेऱ्या करत आली आहेत. त्या हंगामाचा कार्यक्रम कंपनीकडून पक्का करूनच पुढे जा.

चौथी वाट म्हणजे अमेरिकेतल्या काका-आत्याकडे गेल्यावर तिथून घेतलेली क्रूझ. अमेरिकी व्हिसा आधीच असेल तर मुलांसाठी ही वाट सगळ्यांत समृद्ध. आयकॉन ऑफ द सीजवर सहा घसरगुंड्या आहेत, कार्निव्हलच्या मार्डी ग्रासवर डेकवरच रोलर कोस्टर. पण तिथल्या कंपन्यांचा एक नियम लक्षात ठेवा. केबिनमध्ये बहुधा किमान एक माणूस २१ पूर्ण झालेला लागतो. १९ चा दादा आणि १६ चा धाकटा दोघांनाच एक केबिन मिळेल असं गृहीत धरू नका. आई-वडील शेजारच्या केबिनमध्ये असले तर काही कंपन्या सूट देतात, ती लेखी घ्या.

*सावधान:* बंदर कोणतंही असो, आदल्या दिवशी त्या शहरात पोचा. पहाटेची गाडी पकडून दुपारचं जहाज गाठायचा बेत करू नका. जहाज सुटण्याच्या साधारण ६० ते ९० मिनिटं आधी प्रवेश बंद होतो आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. मुंबईत बॅलार्ड पियरच्या जवळपास मुक्काम करा. सिंगापूरला दोन वेगळे क्रूझ टर्मिनल आहेत, तिकिटावर कोणतं लिहिलंय ते टॅक्सीत बसण्यापूर्वी वाचा.

टप्पा ५: जहाज तपासा, जाहिरात नव्हे

आता दोन-तीन जहाजांची नावं हातात असतील. प्रत्येकाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. तो मोबाईलवर नको, कॉम्प्युटरवर मोठा करून मुलासोबत बघा. या कामाला एक रविवार द्या. मुलगा स्वतः शोधायला लागला की तुम्हाला त्याचं मन कळतं.

आधी आकार. जहाजाचं टनेज म्हणजे वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचं माप. एम्प्रेस सुमारे ४८ हजार, क्वांटम वर्गातलं जहाज सुमारे १ लाख ६८ हजार, आयकॉन सुमारे २ लाख ४८ हजार. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. टनेजला प्रवासीसंख्येने भागा. क्वांटम वर्गात केबिनमागे दोन माणसं धरून सुमारे ४,१८० प्रवासी, म्हणजे भागाकार ४० च्या आसपास. हा आकडा जितका मोठा, तितकी दर माणशी जागा जास्त. सुट्टीच्या दिवसांत तिसरे-चौथे बंकही भरतात आणि त्याच जहाजावर ४,९०० च्या जवळपास माणसं जातात. तेव्हा भागाकार ३४ वर येतो आणि रांगा वाढतात. ज्या सुट्टीत सोबत मिळते त्याच सुट्टीत गर्दीही असते, हे स्वीकारूनच बेत करायचा. रांग टाळायचा उपाय शेवटच्या टप्प्यात दिला आहे.

मग डेक प्लॅनवर शोधा: टीन क्लबची खोली, बास्केटबॉलचं मैदान, चढायची भिंत, पाण्याचा खेळ, बंदिस्त खेळघर आणि रात्री ११ नंतर उघडं असलेलं खाण्याचं ठिकाण. बंदिस्त खेळघराला मी फार महत्त्व देतो. सिंगापूरकडे दुपारी पाऊस आला की उघड्या डेकवरचं सगळं बंद होतं आणि वारा वाढला की भिंत आणि घसरगुंड्याही. क्वांटम वर्गात सीप्लेक्स नावाचा बंदिस्त हॉल आहे. त्यात बंपर कार आणि बास्केटबॉल चालतं, शिवाय हवेच्या झोतावर तरंगायचा आयफ्लाय वेगळा. पावसाळी दिवशी अशा जागांवरच सगळा दिवस निघतो.

मग हे प्रश्न ईमेलने विचारा, फोनवर नको:

- आमच्या फेरीत टीन क्लब रोज किती ते किती उघडा असेल? बंदराच्या दिवशीही का?
- तिथे कर्मचारी असतो की नुसती खोली?
- कोणत्या खेळांना वेगळे पैसे, कोणत्यांना आधी वेळ राखावी लागते?
- आमच्या तारखेला जहाजाचा कोणता भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का?

शेवटचा प्रश्न लोक कधीच विचारत नाहीत.

*नेहमीची चूक:* "टीन झोन" हा शब्द वाचून थांबणं. कित्येकदा तो चार व्हिडिओ गेमचा कोपरा असतो आणि प्रत्येक खेळाला जहाजाने दिलेल्या कार्डातून पैसे जातात. दोन संध्याकाळींत हजारो रुपये उडतात. खोलीचा फोटो मागा, नाही मिळाला तर त्या जहाजावर फिरून केलेले व्हिडिओ बघा.

टप्पा ६: केबिन

इथे माझं मत बहुतेक एजंटांच्या उलट आहे. मुलांसाठी बाल्कनीवर पैसे घालू नका. १५ वर्षांचा मुलगा बाल्कनीत पहिल्या दिवशी पाच मिनिटं उभा राहतो. तेच पैसे एका रात्रीसाठी किंवा चांगल्या जहाजासाठी वापरा.

चौघांनी एका केबिनमध्ये राहायचं असेल तर वरचे दोन बंक भिंतीतून किंवा छतातून खाली येतात. रुंदीला कमी, लांबीलाही बेताचे. पाच फूट दहा इंचाच्या मुलाला तिथे पाय लांब करता येत नाहीत, आणि एकच स्नानगृह चौघांत. शक्य असेल तर दोन आतल्या केबिन घ्या, मधून दार असलेल्या किंवा निदान समोरासमोर. मधल्या दाराच्या केबिन थोड्याच असतात, म्हणून सहा-आठ महिने आधी बुक करा. कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक मोठा आणि एक मुलगा असं नाव लावा. चौघांच्या एका केबिनचा दर आणि दोन केबिनचा दर दोन्ही मागवा. कधीकधी फरक वाटतो तेवढा नसतो.

जागा बघताना डेक प्लॅनवर केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर तलावाचा डेक असला तर पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज, खाली नाट्यगृह असलं तर रात्री ढोल. उलटीचा त्रास असणाऱ्यासाठी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन, कारण पुढचं-मागचं टोक आणि वरचे मजले जास्त हलतात. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच ठरवा. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

*सावधान:* "गॅरंटी" नावाची स्वस्त केबिन म्हणजे जागा कंपनी ठरवणार. दोन गॅरंटी केबिन घेतल्या तर एक सहाव्या डेकवर, दुसरी अकराव्यावर येऊ शकते. मुलांबरोबर हे घेऊ नका.

आतल्या केबिनमध्ये खिडकी नसते आणि दिवा बंद केला की काळोख. मुलं तिथे दुपारी एकपर्यंत झोपतात. गजर लावा, नाहीतर अर्धी क्रूझ झोपेत जाते.

टप्पा ७: खाणं

या वयाची भूक वेगळी. संध्याकाळी साडेसहाला जेवलेला मुलगा रात्री साडेअकराला पुन्हा जेवायला मागतो. तेव्हा तिकिटात धरलेलं काय उघडं असतं ते लिहून ठेवा: पिझ्झाचा काउंटर, कॅफे, बुफेचा रात्रीचा भाग. त्या वेळी फक्त पैसे देऊन खायची रेस्टॉरंट उघडी असतील तर रोजचा खर्च वाढणार.

शाकाहारी घरांनी मुख्य जेवणघराला बुकिंगच्या वेळी कळवावं आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा सांगावं. दुसऱ्या दिवसापासून भारतीय भाजी-वरण टेबलावर येतं. जैन जेवण हवं असेल तर आधी लेखी.

घरचा फराळ बहुतेक जहाजांवर चालत नाही, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. भाखरवडी, लीलो चेवडो सीलबंद पाकिटातच घ्या. दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी खास लक्ष द्या: खसखस सिंगापूरला आणि अमिरातीतही बंदी असलेली वस्तू आहे. खसखस लावलेले अनारसे बॅगेत नकोत. सिंगापूरला च्युइंगगम नेता येत नाही आणि व्हेप बाळगणंही तिथे गुन्हा आहे. हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याची बॅग त्याच्यासमोर तपासा.

टप्पा ८: पैशाचा खरा आकडा

जाहिरातीतला दर दोघांच्या केबिनमध्ये माणशी असतो आणि त्यात बंदर-कर बहुधा नसतो. कोटेशन मागताना एकाच कागदावर हे सगळं मागा: भाडं, बंदर-कर, टिप, वाय-फाय, व्हिसा, विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, प्रवास विमा, जीएसटी आणि टीसीएस. टीसीएस म्हणजे आधीच घेतला जाणारा कर, तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आधी खिशातून जातो.

टिप हा हमखास विसरलेला खर्च. मोठ्या परदेशी कंपन्या माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यात टाकतात, मुलांचेही. १८ धरले तर चार माणसं, चार रात्री म्हणजे २८८ डॉलर.

वाय-फायचा निर्णय घरीच घ्या. माझा सल्ला: एकच उपकरणाचं पॅकेज घ्या आणि ते आळीपाळीने वापरा. मुलाकडे अखंड इंटरनेट असलं तर तो क्लबाकडे फिरकत नाही. कंपनीचं अ‍ॅप जहाजाच्या वाय-फायवर पॅकेजशिवायही चालतं का आणि त्यात निरोप पाठवता येतात का ते विचारा. सुटल्याबरोबर सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं आणि त्याचं बिल रोमिंगपेक्षा कितीतरी जड येतं.

विम्यात क्रूझ धरली आहे का ते वाचा. जहाजावरचा डॉक्टर पैसे लगेच घेतो, दावा नंतर आपण करायचा.

टप्पा ९: कागद

हे काम पैसे भरण्यापूर्वी. १५ च्या आतल्या मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो. तिसरीत काढलेला पासपोर्ट आठवीत संपलेला असतो आणि ते विमानतळावर लक्षात येतं. परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने मुदत हवी. बडोद्यातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. सुट्टीच्या तोंडावर तारखा लवकर मिळत नाहीत, तीन-चार महिने आधी जा. १५ ते १८ वयाच्या मुलाला १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच मागा.

व्हिसा सिंगापूरचा तर लागतोच, शिवाय जहाज ज्या ज्या देशाला टेकतं त्यांचे नियम बघा. जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येतं, म्हणजे तुम्ही तिथे दोनदा प्रवेश करता. व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेश लिहिलेत का ते वाचा. सिंगापूरचं आगमन-पत्र पोचण्याआधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, परतीच्या प्रवेशासाठीही.

*सावधान:* भाचा किंवा पुतण्या बरोबर नेत असाल तर त्याच्या आई आणि वडील दोघांचं संमतिपत्र नोटरी करून घ्या, त्यांच्या पासपोर्टच्या प्रतींसह. आई-वडिलांपैकी एकच जात असेल तरी दुसऱ्याचं पत्र घ्या. ते नसलं तर काउंटरवरूनच परत पाठवू शकतात.

टप्पा १०: पहिले सहा तास

जहाजात शिरल्यावर सगळे जेवायला धावतात. तुम्ही या क्रमाने जा.

आधी खेळांच्या वेळा राखा. मग फ्लोरायडर, भिंत यांसारख्या खेळांचं, धोक्याची जबाबदारी आपली असल्याचं पत्र भरा. १८ च्या आतल्या मुलासाठी त्यावर पालकाची सही लागते. ते पहिल्याच दिवशी भरलं की नंतर मुलाला एकट्याला जाता येतं. भिंतीसाठी मोजे आणि तलावासाठी नायलॉनची पोहण्याची चड्डी हातातल्या बॅगेतच ठेवा, मोठ्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळी येतात.

मग सुरक्षा कवायत. ती सगळ्यांना सक्तीची आहे. जमायची जागा मुलाला स्वतः शोधायला लावा.

मग काउंटरवर जाऊन मुलाच्या कार्डाची खर्चमर्यादा ठरवा आणि केबिनमधला मिनीबार रिकामा करायला सांगा.

आणि पहिल्या संध्याकाळी टीन क्लबची ओळखसभा असते, तिला मुलगा गेलाच पाहिजे. गट त्याच रात्री जमतात. दुसऱ्या दिवशी गेलेल्याला जमलेल्या घोळक्यात शिरावं लागतं आणि अबोल मुलाला ते जमत नाही. दारापर्यंत सोडा आणि परत फिरा, आत डोकावू नका.

परत यायची वेळ ठरवून द्या. अनेक जहाजांवर रात्री १ नंतर १८ च्या आतल्यांना एकटं फिरू देत नाहीत, घरचा नियम त्याआधीचा असू द्या. दुसऱ्याच्या केबिनमध्ये जायचं नाही आणि कुणी मोठ्याने दिलेलं पेय घ्यायचं नाही, एवढं घरूनच बोलून ठेवा.

रांगेचा उपाय असा: ज्या दिवशी जहाज बंदराला लागतं त्या दिवशी बहुतेक प्रवासी उतरतात. एखाद्या बंदरात तुम्ही उतरा आणि मुलांना एका मोठ्या माणसाबरोबर जहाजावर राहू द्या. आदल्या दिवशी पाऊण तास थांबावं लागलं त्या लाटेवर त्यांना दुपारी एकामागून एक पाच-सहा फेऱ्या मिळतात.